स्टीव्ह नावाची बाई

शनिवारी सकाळी दुसरा चहा घेऊन मी लॅपटॉप उघडला की घरातले समजून जातात, आता तास-दोन तास हा माणूस भाजी निवडायच्या कामाचा नाही. गेल्या ऑगस्टमधल्या अशाच एका सकाळी एक मृत्युलेख समोर आला. डेम स्टेफनी शर्ली, वय वर्षं ९१, निधन ९ ऑगस्ट २०२५. संगणक क्षेत्रातल्या उद्योजिका, दानशूर वगैरे वगैरे. आणि पुढे लिहिलं होतं की सगळे त्यांना 'स्टीव्ह' म्हणत.

बाईचं नाव स्टीव्ह? म्हणून पुढे वाचलं, आणि मग दोन-तीन शनिवार याच बाईंच्या मागे गेले.

खरं सांगतो, मला हे नाव माहीत नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढली. ट्युरिंग, नूथ, रिची, टॉर्वल्ड्स ही नावं झोपेतही सांगेन. पण जगातल्या अगदी सुरुवातीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एक कंपनी एका निर्वासित मुलीने सहा पौंडांत काढली, ती जवळजवळ पूर्णपणे घरी बसलेल्या बायकांच्या जोरावर चालवली, आणि तीही १९६२ साली... याचा पत्ताच नव्हता. आपण २०२० च्या लॉकडाउनमध्ये 'वर्क फ्रॉम होम' करून केवढा तीर मारला असं समजत होतो!

आणि हो, त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये माझ्या हातून एक गोष्ट घडली होती. ती शेवटी सांगतो. आधी सांगितली तर तुम्ही बाईंची गोष्ट सोडून मलाच बोल लावत बसाल.

तर सुरुवात जर्मनीतून. डॉर्टमुंड, १६ सप्टेंबर १९३३. हिटलर सत्तेवर येऊन साडेसात महिने झालेले. मुलीचं नाव व्हेरा बुखथाल. वडील अर्नोल्ड बुखथाल न्यायाधीश होते आणि ज्यू होते. त्या काळात त्या देशात या दोन गोष्टी एकत्र राहू शकत नव्हत्या. नोकरी गेली. आई ज्यू नव्हती, व्हिएन्नाची होती, पण त्याने काही फरक पडला नाही. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हे कुटुंब युरोपात इकडून तिकडे फिरत शेवटी व्हिएन्नाजवळ येऊन टेकलं. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रियाच गिळला. म्हणजे ज्याच्यापासून पळालो तोच दारात.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियात ज्यूंची दुकानं, घरं, प्रार्थनास्थळं एका रात्रीत फोडली-जाळली गेली. त्यानंतर ब्रिटिश सरकारने एक परवानगी दिली. सतरा वर्षांखालच्या मुलांना ब्रिटनमध्ये घेऊ, पण आईवडिलांशिवाय. हे 'आईवडिलांशिवाय' परत एकदा वाचा. मुलांना वाचवायचं तर त्यांना स्टेशनवर सोडून परत फिरायचं. युद्ध सुरू होईपर्यंतच्या नऊ महिन्यांत साधारण १०,००० मुलं अशी ब्रिटनला पोचली. इतिहासात याला 'किंडरट्रान्सपोर्ट' म्हणतात. यातल्या बहुतेक मुलांना आईवडील परत कधीच दिसले नाहीत.

जुलै १९३९ मध्ये व्हिएन्नाहून सुटलेल्या अशाच एका गाडीत पाच वर्षांची व्हेरा आणि तिची नऊ वर्षांची बहीण रेनाटे बसल्या. अडीच दिवसांचा प्रवास करून लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर उतरल्या. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड गावच्या गाय आणि रूबी स्मिथ या जोडप्याने दोघींना घरी नेलं आणि वाढवलं.

व्हेराचं नशीब इतरांपेक्षा बरं. आईवडील दोघेही वाचले, पुढे भेटलेही. पण नातं काही परत जुळलं नाही, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं. स्टेशनवर सुटलेला हात तसाच परत हातात येत नाही बहुतेक.

पण त्या गाडीने व्हेराला एक गोष्ट दिली. अनोळखी माणसांनी आपला जीव वाचवला, लाखो मुलांचा नाही वाचला, तर मग हे आयुष्य वाचवण्याच्या लायकीचं होतं हे आपण दाखवून दिलं पाहिजे, अशी एक टोचणी. ती आयुष्यभर गेली नाही. एकही दिवस वाया घालवायचा नाही असं त्या म्हणायच्या, आणि ते भिंतीवर लावायच्या सुविचारासारखं नव्हतं. कर्जाच्या हप्त्यासारखं होतं.

पोरगी गणितात हुशार निघाली. पण वेल्सच्या सीमेवरच्या ऑस्वेस्ट्री गावातल्या तिच्या मुलींच्या शाळेत तिला हवं तसं गणित शिकवतच नव्हते. मुलींना कशाला लागतंय गणित! मग तिची चाचणी वगैरे घेऊन तिला शेजारच्या मुलांच्या शाळेत गणिताच्या तासाला बसायची परवानगी मिळाली. मुलांनी भरलेल्या वर्गात एकटी मुलगी. हा प्रसंग पुढे चाळीस वर्षं वेगवेगळ्या खोल्यांत परत परत घडत राहिला.

शाळा संपल्यावर विद्यापीठात गेली नाही. मुलींसाठी शास्त्र म्हणून जे समोर ठेवलं होतं ते वनस्पतीशास्त्र, आणि तिला हवं होतं गणित. मग १९५१ मध्ये अठराव्या वर्षी थेट नोकरी, लंडनमधल्या डॉलिस हिल इथल्या पोस्ट ऑफिसच्या संशोधन केंद्रात. पोस्ट ऑफिस म्हटल्यावर आपल्याला खाकी पिशवी आणि गोंदाची बाटली आठवते, पण ब्रिटनमध्ये टेलिफोनही पोस्टाकडेच होते. टॉमी फ्लॉवर्स या इंजिनिअरने युद्धकाळात जर्मनांचे संदेश फोडण्यासाठी 'कोलोसस' हे यंत्र बांधलं, ते याच डॉलिस हिलमध्ये. अर्थात ते गुपित १९७० च्या दशकापर्यंत बाहेर आलंच नाही. असल्या जागी ही मुलगी संगणक बांधण्याच्या कामात रमली, मशीन लँग्वेजमध्ये प्रोग्राम लिहू लागली आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन सहा वर्षांत गणिताची पदवी घेतली. १९५६ साल. दिवसा नोकरी आणि रात्री कॉलेज काय असतं, हे आपल्यातल्या ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

याच काळात ती ब्रिटिश नागरिक झाली आणि नाव बदललं. व्हेरा बुखथालची झाली स्टेफनी ब्रुक. रूपर्ट ब्रुक या इंग्रज कवीवरून घेतलेलं आडनाव. १९५९ मध्ये डेरेक शर्ली या भौतिकशास्त्रज्ञाशी लग्न झालं आणि ती झाली स्टेफनी शर्ली. (इथून पुढे मी त्यांना 'अहो-जाहो' करतो. पाच वर्षांच्या मुलीला अहो म्हणवत नव्हतं.)

आता त्या काळाची थोडी कल्पना यावी म्हणून सांगतो. ब्रिटिश सरकारी नोकरीत लग्न झालं की बाईने राजीनामा द्यायचा हा नियम होता, तो १९४६ मध्ये रद्द झाला. पण नियम गेला म्हणून सवय थोडीच जाते. समान काम, समान पगार हे सरकारी खात्यांत १९५५ पासून हप्त्याहप्त्याने सुरू झालं आणि ते पूर्ण व्हायला १९६१ उजाडलं. लंडनच्या शेअर बाजारात बायकांना सदस्य म्हणून प्रवेश मिळाला १९७३ मध्ये. शर्लीबाई तर सांगायच्या की बँकेत खातं उघडायलाही नवऱ्याची परवानगी लागायची.

लग्नानंतर त्या सीडीएल नावाच्या कंपनीत गेल्या. तिथे 'आयसीटी १३०१' या संगणकाचं काम चाललं होतं. काम आवडीचं होतं. पण एका बैठकीत त्यांनी धंद्याच्या बाजूने काहीतरी सुचवलं आणि त्यांना सांगण्यात आलं की तो तुमचा प्रांत नाही, तुम्ही टेक्निकल आहात. आजही कॉन्फरन्स रूममध्ये हे वाक्य वेगवेगळ्या सभ्य शब्दांत ऐकू येतं. फरक इतकाच, की त्यांनी ते ऐकलं आणि नोकरी सोडली.

१९६२. भांडवल सहा पौंड. ऑफिस म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल. कंपनीचं नाव 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स'.

लोक हसले. का हसले ते समजून घ्या, कारण ते लोक मूर्ख नव्हते. त्या काळी सॉफ्टवेअर विकत घेण्याची वस्तूच नव्हती. लाखो पौंडांचं यंत्र घेतलं की प्रोग्राम त्याच्याबरोबर यायचे, साडीबरोबर ब्लाउजपीस यावा तसे. आयबीएमने सॉफ्टवेअरची वेगळी किंमत लावायचं ठरवलं तेच मुळी १९६९ मध्ये. म्हणजे त्याच्या सात वर्षं आधी ही बाई लोकांना फुकट मिळणारी गोष्ट विकायला निघाली होती. आणि वर पुन्हा बाई!

पण शर्लीबाईंना एक गोष्ट दिसली होती जी यंत्र विकणाऱ्यांना दिसत नव्हती. देशभर घराघरांत शिकलेल्या, कामात मुरलेल्या प्रोग्रामर बायका बसून होत्या. लग्न झालं, मूल झालं, नोकरी सुटली. त्यांच्या डोक्यातलं ज्ञान कुठे गेलं होतं? कुठेही नाही. ते तिथेच होतं, धुण्याच्या ढिगाआड. १९६४ च्या त्यांच्या एका जाहिरातीत 'निवृत्त' महिला प्रोग्रामरना घरून काम करण्यासाठी बोलावलं होतं. निवृत्त! त्या निवृत्त बायका असतील पंचवीस-तिशीच्या.

कामासाठी मुख्य अट काय, तर घरात फोन हवा. १९६० च्या दशकात तीही साधी अट नव्हती.

गिऱ्हाईक मात्र मिळेना. शर्लीबाई कंपन्यांना पत्रं पाठवायच्या, खाली सही 'स्टेफनी शर्ली'. उत्तर नाही. शेवटी नवऱ्याने सुचवलं, सही 'स्टीव्ह शर्ली' अशी करून बघ. केली. उत्तरं यायला लागली! मिस्टर शर्लींना भेटीची वेळ मिळायची आणि प्रत्यक्षात दारातून बाई आत यायच्या. तोवर उशीर झालेला असायचा, बोलावलेल्या माणसाला परत कसं पाठवणार? पुढे सगळेच त्यांना स्टीव्ह म्हणू लागले. त्यांचा एक विनोद प्रसिद्ध आहे. महत्त्वाकांक्षी बायका कशा ओळखायच्या, तर त्यांचं डोकं वरून चपटं झालेलं असतं, 'शाब्बास हं बाळ' म्हणून लोक सारखे थोपटत असतात ना!

फोनची गंमत तर फारच छान. घरून फोनवर बोलताना मागे मूल रडणार, भांडी वाजणार. गिऱ्हाइकाला कळलं की कंपनी स्वयंपाकघरात आहे, तर संपलंच. मग त्यांनी टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप करून ठेवली. फोन वाजला की आधी टेप चालू करायची, मग उचलायचा. मागे मोठं ऑफिस चालू आहे असं वाटावं. हे मी बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे माझ्या कुकरच्या शिट्टीचंच." लॉकडाउनमध्ये तिच्या कॉलच्या वेळी कुकर चढवायचा नाही असा आमच्याकडे कायदा होता. माझ्या कॉलच्या वेळी असा कायदा नव्हता, हे तिने लगेच पुढे जोडलं. असो.

आता आपल्या कामाचा प्रश्न. घरात ना संगणक, ना इंटरनेट. मग प्रोग्रामिंग करायच्या कशा? कागद आणि पेन्सिल! आधी फ्लोचार्ट काढायचा, मग छापील कोडिंग शीटवर एकेक ओळ लिहायची. मनातल्या मनात प्रोग्राम चालवून तपासायचा. मग ते कागद पोस्टाने जायचे, त्यांवरून कार्डं किंवा टेप पंच व्हायची, कुठल्यातरी यंत्रावर मिळालेल्या वेळात प्रोग्राम चालायचा आणि चुका परत घरी यायच्या. आपण सेमीकोलन विसरलो तर दोन सेकंदांत लाल रेघ येते. तिथे एका चुकीची किंमत काही दिवस. त्यामुळे लिहिण्याआधी विचार करायची सवय लागायची. शिवाय टीममधल्या बायका एकमेकींच्या शेजारी बसलेल्या नाहीत. त्यामुळे काम कसं वाटायचं, कसं लिहून ठेवायचं, कसं तपासायचं, अंदाज कसा बांधायचा, या सगळ्याचे नियम काटेकोर असावेच लागले. तोंडी सांगून भागणारं काहीच नव्हतं.

या पद्धतीने झालेलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे कॉन्कॉर्ड विमानाचं. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं हे प्रवासी विमान पहिल्यांदा उडालं १९६९ मध्ये. त्याच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग या कंपनीतल्या तीसेक बायकांच्या टीमने केलं, आपापल्या घरी बसून. अ‍ॅन मोफॅट या त्या कामाच्या प्रमुख. त्यांचा १९६६ चा एक फोटो आहे. टेबलावर कागद पसरलेत, बाई लिहितायत आणि शेजारी त्यांची तान्ही मुलगी. कॉन्कॉर्डमधून फिरणाऱ्या लक्षाधीशांपैकी किती जणांना ठाऊक असेल की त्यांच्या विमानाचं एक महत्त्वाचं काम दुधाच्या बाटलीशेजारी झालंय?

कंपनीच्या पहिल्या ३०० माणसांत २९७ बायका होत्या. आणि मग आला काव्यगत न्याय. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदाविरुद्धचा कायदा झाला. बायकांना न्याय मिळावा म्हणून केलेला कायदा. त्यामुळे 'फक्त बायकांसाठी' नोकऱ्या देणं बेकायदा ठरलं आणि शर्लीबाईंना पुरुषांना दार उघडावं लागलं! यावर त्या स्वतःही हसायच्या.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे, प्रेरणादायी वगैरे. पण तिला दुसरी बाजू आहे, आणि ती वाचल्यावर मला पहिली बाजू खरी कळली.

कंपनी निघाल्यानंतर वर्षभरात, १९६३ मध्ये, त्यांना मुलगा झाला. जाइल्स. गोड, शांत मूल. अडीच वर्षांचा होता होता तो बोलायचा थांबला. बोलायला लागलेलं मूल गप्प झालं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आणि तीही तीव्र. हा शब्द तेव्हा डॉक्टरांपैकीही फार थोड्यांना नीट माहीत होता. पुढे वाढत्या वयात त्याला सांभाळणं फार अवघड झालं, अपस्माराचे झटकेही यायचे. म्हणजे बघा, वेळ आपल्या सोयीने ठरवायची मुभा ही या बाईंच्या कंपनीतली काही गंमतजंमत सवलत नव्हती. त्यांना स्वतःलाच ती हवी होती, श्वास हवा तशी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मंदीत कंपनी बुडता बुडता वाचली. घरात जाइल्स, बाहेर धंदा. १९७६ मध्ये शर्लीबाई कोसळल्या, मनाने आणि शरीराने. जाइल्सला रुग्णालयात ठेवावं लागलं.

यातून त्या सावरल्या त्या दुःख विसरून नव्हे. विसरण्यासारखं ते नव्हतंच. जाइल्ससारख्या मोठ्या झालेल्या मुलांना रुग्णालयाऐवजी घरासारख्या घरात राहता यावं म्हणून त्यांनी १९९४ मध्ये 'किंगवुड ट्रस्ट' काढला. त्या व्यवस्थेत राहायला आलेला पहिला माणूस जाइल्सच. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, झोपेत झटका येऊन तो गेला. वय ३५. पुढच्या वर्षी त्यांची ऑटिझम असलेल्या मुलांसाठीची 'प्रायर्स कोर्ट' ही शाळा सुरू झाली. ऑटिझमवरच्या संशोधनासाठी 'ऑटिस्टिका' ही संस्थाही त्यांचीच.

आणि पैसा? तो आला, भरपूर आला. पण त्याचं त्यांनी काय केलं ते पाहा. कंपनीची मालकी टप्प्याटप्प्याने कामगारांच्या हातात दिली. १९९१ मध्ये नियंत्रण कर्मचाऱ्यांकडे गेलं, १९९३ मध्ये साठीला त्या निवृत्त झाल्या, १९९६ मध्ये कंपनी लंडन शेअर बाजारात उतरली. त्यातून कंपनीतली ७० माणसं लक्षाधीश झाली, पौंडांत. स्वतःच्या वाट्याच्या पैशातून ६ कोटी पौंडांहून जास्त दान केलं, मुख्यतः ऑटिझम आणि संगणक या दोन कामांसाठी. २००१ मध्ये सुरू झालेली ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. डॉट-कॉमचा फुगा फुटला तेव्हा त्यांचीही बरीच संपत्ती बुडाली. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की देऊन टाकलेल्या पैशाने जितका आनंद दिला तितका ठेवलेल्या पैशाने दिला नाही. का देता असं विचारलं की उत्तर ठरलेलं: माझा जीव वाचवला गेला, ते सार्थ ठरवायला हवं. परत तीच गाडी, तेच स्टेशन.

आपला या गोष्टीशी काही संबंध? आहे की. १९९७ मध्ये या कंपनीने, तेव्हा तिचं नाव 'एफआय ग्रुप' होतं, नोएडाची 'आयआयएस इन्फोटेक' विकत घेतली. २००१ मध्ये कंपनीचं नाव झालं 'झान्सा', आणि २००७ मध्ये ती फ्रान्सच्या 'स्टेरिया'ने घेतली. आयटीत जुने असाल तर झान्साचं नाव ऐकलं असेल, कदाचित एखादा मित्र तिथे असेलही. तोवर शर्लीबाई बाजूला झाल्या होत्या, सूत्रं हिलरी क्रॉपर यांच्याकडे होती. पण मला यात एक सरळ धागा दिसतो (हा माझा तर्क, चूक असेल तर सांगा). काम नीट तोडून, नीट लिहून, नीट तपासून चेशमजवळच्या एखाद्या स्वयंपाकघरात पाठवता येतं, हे एकदा सिद्ध झालं की तेच काम नोएडाला किंवा पुण्याला पाठवता येतं. आपली ऑफशोअरची सगळी दुनिया ज्या विचारावर उभी आहे, तो विचार तान्ह्या बाळांच्या आयांनी आपल्या आधी तीस वर्षं राबवून दाखवला होता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर आरती होईल. त्या बायका बहुतेक फ्रीलान्स होत्या. जेवढे तास काम, तेवढे पैसे. कामाचा भरवसा कमी आणि कायम नोकरीतली सुरक्षितता नाही. मार हिक्स यांचं 'प्रोग्राम्ड इनइक्वॅलिटी' हे २०१७ चं पुस्तक याच काळावर आहे. त्यांचं म्हणणं असं, की ब्रिटनने आपल्या अनुभवी महिला प्रोग्रामरना पद्धतशीरपणे बाजूला सारलं आणि त्या नादात संगणक क्षेत्रातली आघाडी घालवली. म्हणजे शर्लीबाईंनी जे वेचलं ते एका देशाने फेकून दिलेलं होतं. एका कंपनीने किती वेचणार? ३००, फार तर काही हजार. बाकीच्या कुठे गेल्या त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

आता माझी गोष्ट.

मी ज्या आठवड्यात हा मृत्युलेख वाचला, त्याच्या मंगळवारी माझ्याकडे एका जागेसाठी बारा बायोडेटा आले होते. त्यातला एक एका बाईंचा. सात वर्षांचा अनुभव, चांगल्या प्रोजेक्टचा, आणि मग सहा वर्षं कोरी. 'कौटुंबिक कारण' एवढंच लिहिलेलं. मी अर्धं मिनिटही दिलं नसेल. शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं, 'सध्या हँड्स-ऑन नाही', आणि पुढचा उघडला. मला त्यात काही वाईटही वाटलं नाही. सगळेच असं करतात. वाईट शनिवारी वाटलं, 'निवृत्त' महिला प्रोग्रामर हे शब्द वाचताना. सहा वर्षं कोरी म्हणजे काय? त्या सहा वर्षांत ती काय करत होती हे मी विचारलंच नाही. कदाचित तिच्याही घरी एक जाइल्स असेल. कदाचित नसेलही, फक्त मूल आणि सासूबाईंचं आजारपण असेल. मला ते विचारायचा हक्क नाही, पण फोन करून तिला एक साधा प्रॉब्लेम सोडवायला देण्याएवढं काम तर माझं होतं.

सोमवारी एचआरला सांगून तो बायोडेटा परत काढला. ती जागा तोवर भरली होती. मग पुढच्या जागेसाठी तिला बोलावलं. तासभर बोललो. सुरुवातीचा अर्धा तास ती चाचरत होती, नव्या टूल्सची नावं चुकत होती. मग मी आमच्या सिस्टिममधला एक जुना, नासका प्रश्न सांगितला, तर तिने पाठीमागे पडलेल्या पाकिटावर तीन चौकोन काढून तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि आमची चूक कुठे आहे ते दाखवलं. अगदी कागद-पेन्सिल!

शेवटी तिने तिची अट सांगितली. सकाळी दहा ते दुपारी तीन, आणि रात्री नऊनंतर दोन तास. मधले तास नाहीत. याहून जास्त जमणार नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं असं म्हणाली. सांगताना आवाज असा होता, जणू मी आता 'कळवतो' म्हणणार हे तिला ठाऊक आहे.

मी 'कळवतो'च म्हणालो. कारण आमच्याकडे अशा वेळेची पोस्टच नाही, तीन वाजताचा स्टँडअप आहे, क्लायंट आहे, आणि माझ्यावर मॅनेजर आहे. त्याच्याशी सोमवारी बोलायचंय. काय मुद्दे मांडायचे ते कागदावर लिहून ठेवलेत. पहिला मुद्दा स्टँडअप अडीचला आणायचा. दुसरा, तिची कामं लिहून वाटायची, तोंडी नाही. तिसरा अजून सुचत नाहीये.

तुमच्या टीममध्ये कोणी असं करून दाखवलं असेल तर जरूर सांगा, सोमवारच्या आत. चहा गार झालाय आणि भाजी अजून निवडायची आहे.